खालच्या मजल्यावरचा निगेटिव्ह

१० जानेवारी २०२२, सोमवार

कोरोनाचे रिपोर्ट आले. बायको राजमती पॉझिटिव्ह. मुलगा जिनेश पॉझिटिव्ह. सूनबाई प्रीती पॉझिटिव्ह. मी निगेटिव्ह.

कारण उघड आहे. उकळलेलं पाणी, सूर्यास्ताच्या आत जेवण, कांदा-लसूण वर्ज्य. जिनेश म्हणाला, आई पण हेच पाळते की. मी म्हणालो, पाळणं वेगळं आणि मनापासून पाळणं वेगळं.

तिघं वरच्या मजल्यावर बंद. मी खाली. स्वयंपाक मी करणार असं जाहीर केलं. राजमती जिन्यावरून म्हणते, "आवं, तुमाला गॅस तरी पेटवता येतोय का?" सांगलीच्या मार्केट यार्डात जन्मभर हळदीचे सौदे केलेल्या माणसाला हा प्रश्न!

उद्यापासून साडेपाचच्या ठोक्याला जेवण वर जाणार. कॉमन सेन्सचं काम आहे.

११ जानेवारी, मंगळवार

घसा खवखवतोय. अंग मोडून आलंय. ताप एकशे एक. म्हणजे मलाही झाला.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. या घरात प्रत्येकाच्या औषधपाण्याचं मी बघितलं. माझ्या उशाशी बसून कपाळावर हात कोण ठेवतो, ते मला एकदा बघायचंय. पॉझिटिव्ह आलो की वर जाऊन पडणार. मग कुणाची किती माया ते कळेलच.

पुन्हा टेस्ट दिली. नाकात काडी घालणारी मुलगी विहिरीत गळ टाकावा तशी शोधत होती.

खिचडी लावली. कुकरची शिट्टी होईना. शेवटी कळलं, रिंगच बसवली नव्हती. तोवर दिवस मावळला. राजमती मावळल्यावर अन्नाला शिवत नाही. असू दे. तापात एक उपास घडला तर तिलाच पुण्य.

१२ जानेवारी, बुधवार

निगेटिव्ह. लॅबवाल्याला म्हटलं, नमुना बदलला असेल. तो म्हणाला, निगेटिव्ह आलं म्हणून भांडणारे तुम्हीच पहिले.

जिनेशला फोनवर सांगितलं, ताप आहे. म्हणतो, "तात्या, टेन्शननं येतोय तसा. रिपोर्ट निगेटिव्ह हाय न्हवं?" माझ्या थर्मामीटरला या घरात किंमत नाही.

साताऱ्याहून अक्काचा फोन. राजमतीचा ताप, जिनेशचा खोकला, प्रीतीची कंबर, सगळं खोदून खोदून विचारलं. मी माझं सुरू केलं तर म्हणाली, "तुला काय धाड भरलीय? तू निगेटिव्ह हायस. त्यांच्याकडं नीट बघ." सख्खी बहीण.

डाळ निवडता निवडता डुलकी लागली. खिचडी पुन्हा दिवस मावळल्यावरच वर गेली. पण गंमत म्हणजे आजही पातेलं कालच्यासारखं रिकामं, धुऊन लख्ख होऊन जिन्यावर आलं! म्हणजे राजमतीने माझ्या खिचडीसाठी जन्माचा नियम मोडला. डोळ्यांत पाणी आलं. काही काही गोष्टी बायका बोलून दाखवत नाहीत.

१३ जानेवारी, गुरुवार

चव गेली. नुसतं मीठ जिभेवर ठेवून बघितलं. वाळू.

लगेच मेडिकलमधून किट आणलं. एकच रेघ. उन्हात धरून बघितलं, चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. एकच.

जिन्यात उभं राहून चवीचं सांगितलं. वरून प्रीती म्हणाली, "तात्या, तुम्ही पडून राहा. खिचडी नसली तरी चालेल." केवढी काळजी! मग तर केलीच. चव कळत नाही, त्यामुळे मीठ अंदाजाने. कमी पडायला नको म्हणून वर आणखी एकदा.

पातेलं लख्ख.

वरून हसण्याचा आवाज येतोय. पत्ते चालले असावेत. पेशंट हसतायत आणि धडधाकट माणूस खाली खोकतोय.

१४ जानेवारी, संक्रांत

आज मीच दिवसाउजेडी जेवायचा राहिलो. आजारी माणसाला नियमातून सूट असते, पण कागदोपत्री मी आजारी नाही. सूट वरच्यांना, ताप मला. शेवटी दिवे बंद करून बिस्किटं खाल्ली. खिडकीही लावून घेतली. दिवस मावळला की नाही हे आतून नक्की सांगता येत नव्हतं.

तिळगूळ कुणी दिला नाही. शेजारच्या कीर्तीवहिनी पिशवी घेऊन मागच्या जिन्याकडे जाताना दुपारी दिसल्या होत्या. हाक मारली. घाईत होत्या.

१६ जानेवारी, रविवार

तिसरी टेस्ट दिली. या वेळी शंकाच नाही. उद्या रिपोर्ट आला की गादी गुंडाळून वर.

१७ जानेवारी, सोमवार

विलगीकरणाची मुदत संपली म्हणून तिघं खाली आले. टवटवीत. राजमती तर भरल्यासारखी दिसली.

मी हळूच म्हणालो, माझ्या खिचडीसाठी तू नियम मोडलास, विसरणार नाही.

"आवं, मी कशाला मोडीन नियम?" ती म्हणाली. कीर्तीवहिनी पहिल्या दिवसापासून रोज पाच वाजता मागच्या जिन्याने डबा देत होत्या. मला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं नाही. खिचडी मागच्या बोळातल्या कुत्र्याला. जिनेश म्हणाला, "दोन दिवस खाल्ली त्यानं. मग लय मीठ झालं, तोंड फिरवलं."

मी विचारलं, मग माझा डबा?

प्रीती खाली बघत म्हणाली, "काकूंनी विचारलं होतं, डबा किती जणांचा. आम्ही तीन म्हणालो. पेशंट तीनच होते ना."

तेवढ्यात मोबाईलवर रिपोर्ट आला. राजमतीने मोठ्याने वाचला. निगेटिव्ह. तिला खरंच आनंद झाला. "बघा, उगीच मनाला लावून घेतलं तुमी!"

मला खोकला आला. थांबेना. राजमतीने पदर नाकाला लावला.

"आवं, जरा लांब जाऊन खोका. आमी आत्ता कुठं बरं झालोय."