पाहुण्यांची बारूद

११ मे १९७२
रशियाची बारूद नापास! नापास करणारी कोण? मी. नागपूरच्या प्रयोगशाळेतली एकुलती एक बाई. त्यांचे बाराही नमुने मंद जळले, आपले सगळे पास. कालपर्यंत "पोरीले काय समजते" म्हणणारे गणपतराव साहेब आज स्वतः चहा घेऊन आले. वीस तारखेला रशियाचे पाहुणे येणार. या निकालावरच दोन्ही देशांनी मिळून संशोधन करायचं की नाही, ते ठरणार आहे. घरी श्रीखंड चापलं.

१३ मे
घोटाळा माझाच. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवणारे नत्थूजी सहज म्हणाले, "बाई, पाहुण्याचे डबे तर तुम्हीच ताटीसमोर ठेवाले लावले. झाकनं बी उघडी."
खरंच की. सेहेचाळीस डिग्री ऊन, पाहुण्यांचा माल पत्र्याच्या गोदामात कसा ठेवायचा? बारूदीचा पाहुणचार केला मी! आठ दिवस वाळ्याची ओली हवा खाल्ल्यावर ती धड जळेल कशी? आपले नमुने मात्र गोदामात खडखडीत कोरडे.

१४ मे
साहेबांना सांगितलं. "चूप राह्य. काहून आपल्याच पायावर धोंडा मारून राहिली? आपली बाजू वर आहे ना आता." नोकरी जाईल, असंही सुचवलं. जेवण गेलं नाही.

१५ मे
पाहुण्यांना सांगणार. ठरलं.

२० मे
सांगितलं! दुभाष्यानं भाषांतर केलं, साहेब भिंतीकडे बघत बसले. पाहुण्यांचे प्रमुख, एक रशियन म्हातारबुवा, खुर्चीतून उठले. मग म्हणाले, ती ताटी दाखवा. तिला हात लावला, वास घेतला, डोळे मिटून गारव्यात उभेच राहिले. नंतर विचारलं, हवेत दमटपणा किती होता?
माझ्याकडे रोजची नोंद होती, सकाळ-संध्याकाळची. वही घेऊन ते स्टुलावर तासभर बसले. आमची बारूद कोरड्या थंडीसाठी केलेली, म्हणाले, अशी कधी कुणी तपासलीच नाही. तुमच्या पावसाळ्यात ती ऐनवेळी दगा देईल. मिळून करायचा पहिला विषय हाच— दमट हवा! आणि तपासणीला ही बाई हवी.
माझं नाव कागदावर! साहेब दुभाष्याला सांगत होते, "आमचीच पोरगी आहे हे." हसू आवरेना.

२ जून
करारावर सह्या झाल्या. काम गुप्त. घरी बोलायचं नाही, लिहून ठेवायचं नाही, लिहिलेलं असेल ते जाळायचं. शेगडी पेटवली आहे.
आईनं आतून विचारलं, "चहा मांडून राहिली का वं?"
हो म्हटलं.