चार बोटं उंच

११ ऑक्टोबर १९५५, मंगळवार

इनॉक मला उंच उडायला शिकवणार म्हणे! स्वतःहून म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

यात काहीतरी आहे. आमच्या व्हॉलीबॉलच्या संघात नेटवर उडून बॉल मारणारे दोघं. एक कप्तान धर्मराज – त्याची जागा कोण घेणार? दुसरा इनॉक. डिसेंबरात अलिबागला जिल्ह्याचे सामने आहेत आणि धर्मराजने परवा सगळ्यांसमोर सांगितलं, "दुसरं नाव एकाचंच जाईल. इनॉक नाहीतर भगवान. जो उंच उडेल तो." तीन वर्षं मी बाहेर बसून टाळ्या वाजवतोय. यंदा जायचंच. आणि ज्याची जागा जाणार, तोच मला शिकवायला निघालाय!

जकात नाक्यावर कारकुनी करतो मी. गाडीवाला आपणहून "बघा ना साहेब, पोती उघडून" म्हणाला की मी आधी गाडीच्या खाली वाकून बघतो.

हो म्हणालो. जवळ राहिलं की डाव तरी कळेल.

१३ ऑक्टोबर

सकाळी इनॉक घरी आला. मला बोटांना गेरू लावायला सांगितला. भिंतीशी उभं राहायचं, उडायचं, पोचेल तिथे बोटं टेकवायची. रेघ उठली. म्हणाला, "ही तुझी आजची उंची. आता दर वेळी हीच भिंत, हीच जागा. फसवाफसवी नको."

फसवाफसवी! हा शब्द आधी कुणाच्या तोंडून निघाला ते लिहून ठेवतो.

आई ओट्यावरून ओरडली, "अरे, गणपतीत चुना काढलाय भिंतीला!" तर इनॉक तिला म्हणतो, "मावशी, भगवानने अलिबागहून ढाल आणली की मी स्वतः चुना काढून देईन." आई खूश. माणसं खूश करणं त्याला चांगलं जमतं.

१८ ऑक्टोबर

मांड्यांचे दगड झालेत. नाक्यावर खुर्चीतून उठताना "आई गं!" म्हणालो. गाडीवाले हसले.

२३ ऑक्टोबर, रविवार

दोरीवरच्या उड्या झाल्या, बैठका झाल्या, आज नवीनच. तळ्याचं पाणी उतरलंय, कडेला पोटऱ्यांपर्यंत चिखल. त्यात मला उभं करून उड्या मारायला लावल्या. स्वतः काठावर. चपलेला डाग नाही! "कोरड्यावर आलास की पाय हलके लागतील," म्हणाला. मला तर पाय आहेत की नाहीत तेच कळेना.

बेलपाड्याचा बळीराम – तो आम्हाला नेटपाशी बॉल उचलून देतो, एरवी मिठागरावर काम करतो – पोट धरून हसत होता. "भगवान, आमच्या मिठागरावर ये ना! चिखल तुडवायचाच हाय त मजुरी तरी घे!"

हसण्यावारी नेलं. पण घरी येताना डोक्यात आलं – हा मला तयार करतोय की दमवतोय?

२७ ऑक्टोबर

इनॉक सरावाला नाही. एसटीच्या डेपोत फिटर आहे तो, तिकडे चौकशी केली. "रजा आहे. मुंबईला गेलाय." मागच्या आठवड्यातही गेला होता म्हणे! मला एका अक्षराने बोलला नाही.

मुंबईत केवढे मोठे संघ आहेत. कुणातरी उस्तादाकडे शिकून येत असणार. मला चिखल आणि स्वतःला मुंबई!

२९ ऑक्टोबर, शनिवार

इनॉकचं घर ज्यू. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. काम नाही, खेळ नाही, कसलंही काम घेऊन कुणी दारात जायचं नाही. हे पनवेलात पोराटोरांनाही ठाऊक असतं. आम्ही लहान होतो तेव्हाही शनिवारी त्यांच्या आळीतून जाताना बॉल आपटत जायचो नाही, काखेत धरायचो.

आज मात्र मुद्दाम दोनदा त्याच्या घरावरून गेलो. आतून प्रार्थना म्हटल्याचा आवाज येत होता. धपधप काही ऐकू आलं नाही. म्हणजे घरात तरी उड्या मारत नाही.

४ नोव्हेंबर

इनॉकचा दंड सुजलाय! बाही वर करताना दिसला. "काय रे हे?" "टोचून घेतलं." "कशासाठी?" "असंच."

असंच कुणी टोचून घेतं?

बळीरामला बाजूला घेऊन म्हणालो, शक्तीचं इंजेक्शन असणार. तो म्हणाला, "दंडात टोचून पाय कसं उडतील रं?" बळीराम फार साधा आहे.

७ नोव्हेंबर

शिंप्याकडे इनॉकचा गरम कोट शिवायला पडलाय. पनवेलात गरम कोट! अलिबागला बक्षीस घेताना घालणार असेल. आत्तापासून तयारी.

११ नोव्हेंबर

रेघ जागची हलत नाही. फार तर बोटाचं पेर वर गेली असेल, तेही माझीच समजूत. मी चिडलो. इनॉक म्हणाला, "धीर धर. पाय आधी जड होतात, मग उघडतात. तुझा हात माझ्यापेक्षा जड आहे. तू नुसता वर पोच, पुढचं सगळं तुझंच आहे."

गोड बोलला. मला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचाच राग आला. आपली जागा घेणाऱ्याशी कोण असं बोलतं?

१७ नोव्हेंबर

उरणला मामा घसरून पडला, पाय मोडला. रजा टाकून निघतोय. इनॉक म्हणाला, तिकडेही बैठका चुकवू नकोस. एकही मारणार नाही! बघूच काय होतं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

चार बोटं! चार!!

काल संध्याकाळी उरणहून आलो. घरात धाकट्या वेणूच्या साखरपुड्याची धांदल. आईने अंगण नवीन करून घेतलंय – चोपून, सारवून अगदी लखलखीत. समोरच्या भिंतीला चुना काढला, पण माझ्या रेघांच्या बाजूला हात लावला नाही. माझी आई!

सकाळी सहज गेरू लावून उडालो. जुन्या रेघेच्या चार बोटं वर! विश्वास बसेना. पुन्हा उडालो. तेच! वेणूला बोलावून दाखवलं.

आता सगळं उघड आहे. आठवडाभर मामीच्या हातची कोलंबी खाल्ली, ढाराढूर झोपलो, बैठक म्हणून मारली नाही – आणि चार बोटं. म्हणजे तो मला दमवतच होता. मला आधीच वास आला होता. लोक म्हणतात, भगवान संशयी आहे. संशयी नाही, शहाणा आहे!

२७ नोव्हेंबर, रविवार

सगळ्या संघाला घरी बोलावलं. भिंतीसमोर उडून दाखवलं. टाळ्या! धर्मराजने स्वतः बोटं लावून पाहिली.

मग मी बोललो. मनात होतं ते सगळं. "इनॉक, चिखलात गाडत होतास मला. माझी वाट लावायला निघाला होतास. तू मुंबईला जाऊन काय करतोस ते कळत नाही का आम्हाला?" बळीरामने मान खाली घातली. इनॉकचा चेहरा पडला. मला वाटलं, आता भांडेल. तर एवढंच म्हणाला, "उंच उडालास ना? मग झालं." आणि निघून गेला. आईने चहा टाकला होता, तोही घेतला नाही.

धर्मराज म्हणाला, "ठरलं. भगवान जाणार."

जिंकलो. जेवण मात्र गेलं नाही. आनंदाने असेल.

३० नोव्हेंबर

मैदानावर बॉल नेटलाच लागतोय. एक पलीकडे जातो, चार अडकतात. बळीराम म्हणाला, "आदी अडकायचा तितंच अडकतंय. तुजी चार बोटं कंदी दिसायची?" वाटलं, हाच मुद्दाम खाली उचलतोय – इनॉकचा दोस्त ना! मग वाटलं, नेट कुणीतरी वर चढवलंय. बांबू लावून मोजलं. नेट जिथल्या तिथे.

इनॉक रविवारपासून फिरकलेला नाही.

२ डिसेंबर, शुक्रवार

ओट्यावरून उतरताना पाय आपटला. जमीन लवकर आली! खाली बघतो तर शेवटची पायरी अर्धी मातीत.

आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, पावसाने खड्डे पडले होते. दर वर्षी घालतो तशी माती घातली, यंदा पाहुणे यायचेत म्हणून जरा जास्तच. का रे?"

पायरीला बोटं लावून पाहिली. चार.

दर वर्षी पाऊस सरला की आमच्याकडे अंगणात माती पडते. लहानपणापासून ती बडवायचं चोपणं माझ्याच हातात असतं. यंदा मी उरणला होतो, एवढंच. इनॉकवर संशय घेतला, बळीरामवर घेतला, नेटवर घेतला. पायाखालच्या मातीवर घेतला नाही! जुन्या जमिनीवरून माझी रेघ आहे तिथेच आहे.

सगळ्यांसमोर काय काय बोललो मी त्याला. फार लाज वाटतेय.

३ डिसेंबर, शनिवार

धर्मराजच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि सांगून टाकलं. तो आधी हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"अरे, नावं आज संध्याकाळच्या गाडीने जातायत. गेली की मग बदल नाही."

"म्हणून तर आलो. इनॉकचं नाव घाल."

"त्याला विचारायला नको? त्या दिवसापासून आलेला नाही तो."

"आज शनिवार," मी म्हणालो. शनिवारी त्याच्या दारात कसं जायचं? शेवटी धर्मराजच म्हणाला, "विचारायचं काय त्यात? दर वर्षी जातोय, यंदाही येईल." माझं नाव खोडलं, त्याचं लिहिलं.

वाईट वाटलं. खूप वाटलं. पण बाहेर आलो तेव्हा छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाचा संशय आला नाही! उद्या वेणूचा साखरपुडा. परवा सकाळी इनॉककडे जाऊन माफी मागायची. चिखलात उभं कर म्हणेल तर उभा राहीन.

५ डिसेंबर, सोमवार

इनॉकच्या दाराला कुलूप. शेजारी राहणाऱ्या त्याच्या चुलतभावाने, डेव्हिडने, सांगितलं – घरातले सगळे काल सांताक्रूझहून विमानाने गेले. इस्रायलला. कायमचे. मागे एकदा परवानगी येऊन रद्द झाली होती, लोक हसले होते, म्हणून यंदा निघेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"मी गेल्यावर नेटवर मारणार कोण, म्हणून तुझ्यामागे लागला होता," डेव्हिड म्हणाला. "निघतानाही तेच विचारत होता. गेलं ना रे तुझं नाव अलिबागला?"

मी हो म्हणालो.