चूक नसलेलं पान

बसवनगुडी, मंगळवार, ऑगस्ट १९९८

वर्गाच्या वेबपानावर आज एकही चूक नाही. मुलांनी एकमेकांचे प्रोग्रॅम तिथेच दुरुस्त करत शिकावं, म्हणून मी ते सुरू केलं. प्राचार्य खूश आहेत. मला संशय येतोय. फळ्यापाशी रोज अडखळणारी सविता पानावर इतकी अचूक कशी?

शेवटी तिलाच विचारलं.

"मॅडम, आम्ही सगळे आधी कागदावर लिहून महेशला दाखवतो. तो 'सरी, बरोबर आहे' म्हणाला की मगच टाईप करतो."

"का?"

"पान तुम्ही बघता ना."

म्हणजे शिकतोय एकटा महेश. आणि मी काय, पहारेकरी?

एकही चूक नाही. उद्या माझाच एक चुकलेला प्रोग्रॅम टाकते, खाली माझं नाव घालून. बघू, कोण हात लावतं.