डाव्या हाताचं टिपण

नेब्रास्का, ३० एप्रिल १९८७

ती. एमिलदादास,
लुडीचा सा. न.

ड्राफ्टचे दोन दिवस फोनपाशी बसून काढले. बारा फेऱ्या, फुटबॉलचे अठ्ठावीस संघ, कॉलेजची एवढी पोरं निवडली, आणि आमच्या कर्टचं नाव कुणी घेतलं नाही! मी तीन ताटं कोलाचे, आपले ते गोड पाव, भाजले होते, खसखशीचे आणि जर्दाळूचे. सगळं गाव येऊन खाऊन गेलं, आणि जाताना जो तो माझ्या खांद्यावर थोपटून गेला, मयताच्या घरी थोपटतात तसं.

आता ऐक. काल त्याच्या कोचने सांगितलं की पोरगा दुसऱ्या फेरीतच निवडला जायचा, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीत असा गडी यंदा दुसरा नव्हता. पण एका टिपणाने घात केला. त्यात लिहिलंय की कर्टच्या मानेत काहीतरी आहे, धडकेनंतर डावा हात बधिर होतो आणि तो ते लपवतो. डझनभर संघांकडे म्हणे हेच टिपण होतं, बाकीच्यांच्या कानावर गेलंच असणार. धादांत खोटं! असं असतं तर आईला कळलं नसतं? कर्टला विचारलं तर तो उठून गोठ्यात निघून गेला, जेवायलाही आला नाही.

दादा, तुझा जन्म गेला संघांसाठी खेळाडू हेरण्यात, या पोरांचे हात टेपने मोजण्यात. लग्नात तू पाद्रीबाबांचेही दंड मोजशील, असं बाबा म्हणायचे. तुझ्या चार ओळखी आहेत. हे कुणी लिहिलं ते शोध आणि मला नाव कळव. बाकीचं मी बघते.

गुडघ्याला जप. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
लुडी


ओहायो, ६ मे १९८७

चि. लुडीस,
अनेक आशीर्वाद.

नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. टिपण माझं आहे.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचं जेवण झाल्यावर दरवर्षीसारखे आम्ही मामा-भाचे अंगणात एकमेकांना रेटत होतो. त्याचा उजवा हात छातीवर असा बसला की मी दोन पावलं मागे गेलो. डावा नुसता टेकला होता. काय करू, माझे डोळे सुटीवर जात नाहीत. मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला की सप्टेंबरपासून हाताला मुंग्या येतात, पण मामा, आईला सांगू नकोस.

आमचं ऑफिस डझनभर संघ मिळून चालवतात. त्याच आठवड्यात मी टिपण धाडलं, आणि मी लिहिलं की ते सगळ्यांकडे जातं. भाचा म्हणून गाळलं असतं तर सव्वीस वर्षांच्या माझ्या शब्दावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला असता का? आणि काय लिहिलं ते खेळाडूला किंवा त्याच्या घरच्यांना सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नेम. तो मी घरातही पाळला.

तू चिडशील, चीड. पण थंड डोक्याने बघ, पोराची मान वाचली. आज ना उद्या तूच मला दुवा देशील.

थोरल्या भावावरचा राग ओसरला की चार ओळी लिही.

तुझा,
एमिल


नेब्रास्का, १५ मे १९८७

एमिल,

कर्टला डॉक्टरकडे ओढत नेलं. मानेचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले की आणखी एखादी वाकडी धडक बसली असती, तर हात कायमचा गेला असता, कदाचित पायही. तेव्हा टिपण खरं होतं. ते लिहिलंस याचा मला राग नाही. कर्टसुद्धा म्हणाला की मामाने त्याचं काम केलं.

पण तारीख बघ. नोव्हेंबरच्या अखेरीला तुला कळलं. ऑफिसला आठवड्याच्या आत कळवलंस. आणि मला? मेमध्ये, तेही मी विचारलं म्हणून! पोराने आईला सांगू नकोस म्हटलं, ते इमानाने पाळलंस, आणि डझनभर परक्यांना सांगून मोकळा झालास. तुझा एक फोन आला असता तर मी त्याला मैदानातून कान धरून घरी आणला असता. मान वाचवली म्हणे! तुझ्या टिपणानंतर तो नववर्षाचा सामना अख्खा खेळला, एमिल. तेव्हा त्याची मान कोण वाचवत होतं?

त्या दिवशी तू माझ्या शेजारी बसला होतास. तो साठ-सत्तर वेळा डोकं खाली घालून धडकला. दर वेळी मी हातांनी डोळे झाकून घेत होते. आणि तू माझे हात ओढून खाली घेत होतास, म्हणत होतास की अगं लुडे, बघ तरी, काय रेटतोय तुझा लेक.

लुडी