सात चुलींचा मोहल्ला

वादी अदाई, मस्कत

प्रिय हवाआपा,

फोनवर तू दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस. इतकी वर्षं अर्बाबच्या, म्हणजे इथल्या मालकाच्या, कागदांवर नुसत्या सह्याच केल्यात.

माझ्या शेजारच्या खोलीतला मिलोराद, क्रेन चालवणारा सर्ब, तुला सांगितलाय ना? त्याचं गाव क्रोएशियात, डोंगरात. कोण्या बादशहाच्या सीमेची राखण करायला त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिथे वसले. त्याच्या लहानपणी गावात चारशे माणसं होती, शाळा होती. मग नव्वदीतल्या लढाईत अख्खं गाव ट्रॅक्टरांवर भांडीकुंडी टाकून निघून गेलं. परतले ते म्हातारेच. आता अकरा जण उरलेत. जनगणनेचा माणूस आला की मिलोरादची आई त्याला पोटभर जेवू घालते आणि म्हणते, माझ्या मुलाचंही नाव लिही, तो येणारच आहे. तो काही लिहीत नाही.

हे ऐकताना मला आपला मोहल्ला दिसत होता. आपल्याकडे लढाईबिढाई झाली नाही, आम्ही आपले हसत हसत विमानात बसलो. गल्फच्या कमाईची ती ऐसपैस घरं, पडवीत चकचकीत लादी आणि दाराला कुलूप. तुझ्यासकट सात चुली पेटतात, असं तू मागे म्हणालीस.

डिसेंबरात मिलोरादच्या घराण्याच्या संताचा दिवस होता. महिनाभर तो जेवताना सांगत होता, एकोणीस तारखेला आमचा दिवस. आम्ही सगळे वाट बघत राहिलो, आता बोलावेल, मग बोलावेल. बोलावलंच नाही, तर आगंतुकासारखं जायचं कसं? त्या संध्याकाळी त्याच्या खोलीतून तळलेल्या माशाचा वास येत होता आणि मी भिंतीच्या अलीकडे डाळभात खात बसलो, थोडा रुसूनच. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. हातात नक्षीचा गोल पाव, अक्रोड घातलेले उकडलेले गहू आणि वीसजणांना पुरेल एवढी मासळी. डोळे सुजलेले. मोडक्या हिंदीत म्हणाला, "अमीनभाई, उस दिन बुलाते नहीं. जिसको याद है, वो आता है." बोलावणं म्हणजे समोरच्याला परकं ठरवणं, असं मानतात म्हणे त्यांच्यात.

आपा, तो पाव मोडताना माझ्या लक्षात आलं. मी तुझ्यावरही असाच रुसून आहे, कित्येक वर्षं. तू सांगतेस, उरूस अमक्या जुम्म्याला आहे, अम्मीने लावलेला फणस यंदा लगडलाय, सांदणं घातलीत. "ये" एवढं मात्र कधी म्हणत नाहीस. मला वाटायचं, हिला आता भावाची गरज उरली नाही. आपला धाकटा भाऊ इम्रान इथूनच, मस्कतजवळच्या माबेल्याहून सारखा म्हणतो, आपाला इथेच आण, घर बंद कर, खलास. मीही मान डोलवत आलो. तुझी फार फार आठवण येते, हे कुणाला सांगितलंच नाही.

कंपनीने आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं, मी नको म्हणालो. इम्रानलाही सांगितलंय, घर बंद होणार नाही. पत्र पोचेल तेव्हा उरूस जवळ आलेला असेल. मिलोरादला मी फक्त तारीख सांगून ठेवली आहे, बोलावलेलं नाही. तूही मला चुकूनसुद्धा बोलावू नकोस, आणि परत कधी जाणार तेही विचारू नकोस. सांदणं तेवढी जास्त घाल. मोहल्ल्यात चुली सातच राहतील, पण जेवणारं माणूस एक वाढेल.

तुझाच रुसका भाऊ,
अमीन