‘ॲडजस्ट’ या शब्दाची विल्हेवाट

मी, रुख्माबाई बाबूलाल फुंडे, वय बहात्तर, राहणार बालाघाट, कोणाच्या दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही.

१. माझं राहतं घर मी शिवणकाम करून माझ्याच नावावर घेतलं, म्हणून ते स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते संपूर्ण मुलगी राखीला मिळावं. सासर सोडून ती परत आली तेव्हा मुलगा राजेंद्र यानं तिची खाट ओसरीत, धानाच्या पोत्यांशेजारी टाकली आणि म्हणाला, "ॲडजस्ट करून घे." तिला तिथं झोपलेली पाहून मला रडू आलं होतं.

२. या इंग्रजी शब्दाचीही वाट लावणं भाग आहे. सासूबाई ‘निभावून घे’ म्हणत. पती कचेरीत बाबू लागले आणि तेच इंग्रजीतून सांगू लागले. वापर असा, की ऐसपैस बसलेला म्हणतो आणि कोपऱ्यातला सरकतो. राखीनं शोधून सांगितलं, मूळ अर्थ ‘जवळ आणणं’. पुढे लोकांना वाटलं, हा शब्द ‘न्याय्य’ या अर्थाच्या शब्दातून निघाला. आमच्या घरात दोन्हींचा पत्ता नव्हता, तरी शब्द मात्र रोज हजर.

३. माझा बाप गेल्यावर भाऊ मोतीलालनं रीतीप्रमाणे मला साडी नेसवली आणि तहसिलीत शेतीचा हिस्सा सोडल्याची सही घेतली. पहिल्याच धुण्यात साडीचा रंग गेला. त्याचा राग आहे. तो कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेते.

४. माझे पती गेल्यावर राखीनंही साडी घेऊन अशीच सही दिली, म्हणून त्यांचं शेत राजेंद्रकडे आहेच. घर राखीच्या नावावर चढवताना त्यानं हरकत नसल्याची सही द्यावी. रीत मोडू नये म्हणून राखीनं त्याला शर्टाचं कापड द्यावं.

५. शिलाई मशीन सून गीताला. तिला कोणी तो शब्द ऐकवला, तर तिनं मशीन जोरात चालवावी.

हे वाचून दाखवल्यावर राजेंद्र म्हणाला, "माय, कागद काहून वं? मी राखीले घराबाहेर काढून राह्यलो का?"

मी म्हटलं, "नाही काढत रे बाबू. आता तुले राह्याचं असंल, तर तिले विचारजो."

मग मी सही केली.

सही: रुख्माबाई बाबूलाल फुंडे

आमच्यासमोर सही झाली:
भोजराज मेंढे, शेजारी
गोदाबाई शिवणकर, शेजारीण

बालाघाट, ३ डिसेंबर २०२४