मागच्या तारा

३ मार्च
ती. आईस,
सा. न. वि. वि.
बाळंतपणाला तुझ्याकडे यायचं ठरलं होतं, पण आता मन धजत नाही. तुझ्या घरामागून त्या विजेच्या मोठ्या तारा जातात. त्यांच्याजवळ राहणं बाळाला बाधतं, असं यांनी कुठेतरी वाचलंय. तेव्हापासून माझ्याही डोक्यात भुंगा शिरलाय. तूच इकडे ये. शिवणाचं दुकान महिनाभर बंद राहिलं तर गिऱ्हाइकं काही उघडी फिरणार नाहीत. पहिलंच आहे गं, भीती वाटते.
लोभ आहेच, रागावलीस तरी तो तेवढा राहू दे.
तुझी,
ठकी

९ मार्च
चि. ठकीस,
अ. आ.
पत्र वाचून आधी रागावले, त्या भरात एक चांगली शिवलेली बाही उसवली आणि मग तडक वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या इंजिनीअरबाई विजेचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र घेऊन घरी आल्या. मागच्या भिंतीशी आकडा जेमतेम हलला. म्हटलं, आलाच आहात तर सगळं घर मोजा. तर आकडा उसळला कुठे? माझ्या शिलाई मशीनच्या मोटरीपाशी! तू पोटात असताना मी सगळे दिवस तिथेच बसून काढले. तू एवढी हट्टी कशी निपजलीस, त्याचा उलगडा झाला. हातभर मागे सरकलं की आकडा पुन्हा खाली.
खरं ते सगळं सांगते. तारांच्या अगदी जवळच्या काही घरांत मुलांच्या रक्ताच्या एका आजाराशी थोडा संबंध दिसलाय, पण तो तारांमुळेच होतो हे सिद्ध झालेलं नाही. आपल्या घरातला आकडा तर त्या घरांतल्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं बाई म्हणाल्या. तरी तुझी खाट पुढच्या खोलीत घातलीय आणि मशीन मागे नेलंय. तुझं मन घेत नसेल तर मी येते, गिऱ्हाइकं बसू देत बोंबलत.
माझा लोभ काही त्या यंत्रात मावला नाही, तो तसाच असू दे.
तुझी,
आई

१४ मार्च
ती. आईस,
सा. न. वि. वि.
यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. तेव्हापासून ते आमच्या मिक्सरकडे संशयाने बघताहेत. मला मात्र हसता हसता रडू आलं. रविवारी आम्ही येतोय. खाट पुढेच असू दे, पण मशीन परत पुढे आण. त्या घरघरीशिवाय मला इथे कधी धड झोप लागलेली नाही. हातभर लांब ठेव, पण ऐकू येईल असं ठेव. बाळालाही कळू दे, आजी जवळच आहे.
लोभ वाढवायला येतेच आहे.
तुझी हट्टी,
ठकी